चामखीळ कधी आली, हे तिच्याकडे पाहून कळत नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

माझे वय ३२ असून लग्नाला सहा वर्षे झाली आहेत. आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना जननेंद्रियाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे तीन-चार दाणे हाताला लागले. दुखत नव्हते, खाजही फारशी नव्हती, म्हणून मेडिकलमधून पायाच्या कुरूपावर लावायचे औषध आणून दोनदा लावले, तर तिथली कातडी भाजली आणि दाणे मात्र वाढत गेले. शेवटी गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ओझरते पाहून ‘ही एचपीव्हीची चामखीळ आहे, बाहेरचा आजार आहे, मिस्टरांना विचारा’ एवढेच सांगितले आणि शहरातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. घरी येऊन मी नवऱ्याला नको ते बोलले. ते कामानिमित्त महिन्यातून आठ-दहा दिवस बाहेरगावी असतात. त्यांनी शपथ घेऊन नाही म्हटले आणि तेव्हापासून आमचे बोलणे जेवणाखाणापुरते उरले आहे. खरे सांगायचे तर लग्नाआधी, कॉलेजात असताना, माझे एका मुलाशी संबंध आले होते. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मोबाइलवर वाचले, तर एचपीव्हीमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो असे लिहिले होते. रात्ररात्र झोप लागत नाही. मुलगी माझ्याजवळ झोपते, माझाच टॉवेल वापरते. आम्हाला दुसरे मूलही हवे होते. मी काय करू?

उत्तर :

ताई,

तुमच्या डॉक्टरांनी केलेले निदान बहुधा बरोबर असेल, परंतु त्यापुढे त्यांनी जे वाक्य उच्चारले त्याला वैद्यकाचा आधार नव्हता. इतकी वर्षे हे काम करताना मी पाहिले आहे, की या आजाराने माणसाच्या शरीराचे जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी अधिक नुकसान अशा एखाद्या वाक्याने घराचे होते. तुमच्या घराला ज्या गोष्टीने आज गप्प केले आहे ती आधी बाजूला काढू, मग औषधोपचाराकडे वळू.

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हा एकच एक विषाणू नाही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतले चाळीसच्या आसपास जननेंद्रियांच्या व गुदद्वाराच्या त्वचेत वस्ती करतात. संबंधाच्या वेळी त्वचेला जे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांतून हा विषाणू त्वचेच्या सर्वांत खालच्या थरापर्यंत पोहोचतो. तिथे पोहोचल्यावर तो कधी लगेच वाढू लागतो, तर कधी नुसताच पडून राहतो. ताप येत नाही, दुखत नाही, रक्तात काही दिसत नाही. चामखीळ उगवायची असेल तर ती साधारणपणे दोन-तीन महिन्यांत उगवते, पण तीन आठवड्यांत उगवलेलीही असते आणि आठ महिन्यांनी उगवलेलीही. आणि काही माणसांत तो वर्षानुवर्षे गप्प राहून मग डोके वर काढतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा कोणता तरी प्रकार होऊन जातो, आणि दहांतल्या नऊ जणांचे शरीर दोन वर्षांच्या आत त्याला आवर घालते, तेही त्यांना पत्ता लागू न देता.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की हा विषाणू तुम्हाला लग्नानंतर मिळाला असू शकतो, यजमानांना तो लग्नाआधी कधीतरी मिळून त्यांच्याकडून तुमच्याकडे आला असू शकतो, आणि तुमच्या कॉलेजच्या दिवसांतलाही तो असू शकतो. यातले कोणते खरे हे सांगणारी तपासणी जगात कुठेच उपलब्ध नाही. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही; यजमानांचे बाहेर कुठे काही नव्हतेच, असे छातीठोकपणे मीही म्हणू शकत नाही. मात्र तुमच्या अंगावरची चामखीळ त्याचा पुरावा नाही. एवढ्याच आधारावर त्यांच्यावर घेतलेला आळ टिकत नाही, आणि तो तुम्ही मागे घ्यावा असे मला मनापासून वाटते.

मग लग्नाआधीची गोष्ट त्यांना सांगावी का? उपचाराच्या दृष्टीने तिची काडीइतकीही गरज नाही; ती कळली म्हणून कोणताही डॉक्टर औषध बदलणार नाही. ती सांगण्याचा किंवा न सांगण्याचा अधिकार सर्वस्वी तुमचा आहे, आणि सांगितल्याने तुमच्या जिवाला किंवा घरातल्या स्थानाला धक्का बसेल अशी थोडीही शंका असेल, तर सांगू नये. परंतु तुमच्या पत्रातले ते वाक्य मी दोनदा वाचले. मनात ती गोष्ट असताना दोष एकट्या त्यांच्या माथी राहू देणे तुम्हालाच जड जात आहे, असे मला त्यात दिसले. त्यावर वाट आहे. त्यांना असे म्हणा : ‘त्या दिवशी मी जे बोलले ते डॉक्टरांच्या एका वाक्यावरून बोलले. आता नीट विचारून घेतले आहे. हा विषाणू अंगात कधी आला आणि कोणाकडून आला हे कोणालाच सांगता येत नाही. तो माझ्याकडूनही आलेला असेल. मी तुम्हाला बोलले ते चुकले. आपण दोघेही तपासून घेऊ.’ यात एकही शब्द खोटा नाही, आणि जे झाकून ठेवायचे आहे ते झाकलेलेच राहते.

आता कॅन्सरची भीती. मोबाइलवर तुम्ही जे वाचले ते चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. जननेंद्रियावरच्या चामखिळींपैकी सुमारे नव्वद टक्के चामखिळी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे येतात आणि हे प्रकार कमी धोक्याचे मानले जातात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे सत्तर टक्के कॅन्सर १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात. नावे सारखी, कुळ एक, पण वागणे निराळे. हा फरक कसा उमगला ती हकिकत सांगण्याजोगी आहे. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाचा असा कयास होता, की चामखिळीचा विषाणूच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मुळाशी असावा. त्यांच्या प्रयोगशाळेने चामखिळींमधून ६ आणि ११ हे प्रकार वेगळे काढले आणि कॅन्सरच्या गाठींमध्ये शोधले, तर ते तिथे सापडेनात. त्याच शोधाच्या वाटेवर १९८३ साली १६ हा प्रकार आणि १९८४ साली १८ हा प्रकार हाती लागला, आणि या कामासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुम्हाला ज्या प्रश्नाने झोप लागत नाही, तोच प्रश्न त्या प्रयोगशाळेसमोर होता. चामखीळ पुढे वाढून गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होईल, ही भीती तुम्ही मनातून काढून टाका.

मात्र एक बाब सांगितल्याखेरीज हा विषय मला सोडता येत नाही. ज्या वाटेने ६ किंवा ११ हा प्रकार शरीरात आला, त्याच वाटेने १६ किंवा १८ हादेखील येऊ शकतो, आणि चामखीळ असलेल्या अनेकांत एकाहून अधिक प्रकार एकत्र सापडतात. म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी तुम्ही करून घ्यायचीच आहे. किंबहुना वय तिशीपलीकडे गेल्यामुळे ती तुम्हाला चामखीळ नसती तरीही करायची होती. चामखीळ आहे म्हणून ती दर सहा महिन्यांनी करण्याचे कारण नाही. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी, केली आणि ती ठीक आली तर तीन वर्षांनी पुन्हा, आणि तिथे विषाणूच आहे का हे शोधणारी एचपीव्हीची डीएनए तपासणी केली व ती निगेटिव्ह आली तर पाच वर्षांनी पुन्हा, इतके पुरते. सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखावर पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहतात, तीही उपयोगी तपासणी आहे. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत घातक प्रकार टिकून राहिला तरी त्याचा कॅन्सर व्हायला पंधरा ते वीस वर्षे लागतात, आणि त्याआधीच्या बदललेल्या पेशी वेळेवर सापडल्या तर साध्या उपचारांनी काढता येतात.

या तपासणीने किती जीव वाचतात हे जगाला आपल्याच मराठवाड्याने दाखवून दिले आहे, आणि ही गोष्ट मराठी घराघरांत माहीत असायला हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटातल्या स्त्रियांची आयुष्यात अवघी एकदा एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. गावोगावच्या शेतकरी आणि मजूर बायकांनी दिलेल्या त्या नमुन्यांचे फळ आज तुमच्या हाताशी आहे, तर ते घ्या.

उपचाराकडे वळते. सर्वांत आधी ते कुरूपाचे औषध बंद करा. तळपायाच्या जाड कातडीसाठी केलेले ते ॲसिड आहे आणि जननेंद्रियाची नाजूक कातडी त्याने जळते. कोणी चुना-सोडा किंवा बिब्बा लावायला सांगेल, घोड्याचा केस बांधायला सांगेल. मानेवरच्या चामखिळीबद्दल लोकांनी काय करायचे ते करोत, इथे यातले काहीही लावू किंवा बांधू नका. बिब्ब्याने भाजलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, आणि त्या चामखिळीपेक्षा कितीतरी उशिरा भरतात. तिथल्या केसांवरून वस्तराही फिरवू नका, कारण त्याने विषाणू आजूबाजूला पसरतो. भाजलेली कातडी पूर्ण बरी होईपर्यंत आठ-पंधरा दिवस तिथे काही न लावता थांबा.

चिठ्ठी ज्या डॉक्टरांच्या नावे आहे ते त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ असतील किंवा स्त्रीरोग तज्ज्ञ असतील, तर त्यांच्याकडे जा. ‘गुप्तरोग’ ही पाटी वाचून पाय अडखळतो, हे मला ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने याच आजारांचा मोफत विभाग असतो आणि तिथल्या समुपदेशकांना तुमच्यासारख्या गोष्टी रोज ऐकायची सवय असते. तिथे जाण्याआधी फोनवरच बोलावेसे वाटले, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा निःशुल्क क्रमांक आहे. डॉक्टर चांगल्या उजेडात, भिंगातून पाहतील. या जागी दिसणारा प्रत्येक दाणा चामखीळ नसतो. काही बायकांत योनीमुखाशी मखमलीसारखे बारीक मऊ उंचवटे नैसर्गिकच असतात, आणि सिफिलिस या गुप्तरोगाच्या दुसऱ्या टप्प्यात चामखिळीसारख्याच दिसणाऱ्या चपट्या, ओलसर गाठी येतात, ज्यांचा उपचार अगदीच वेगळा आहे. त्यामुळे सिफिलिसची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी सांगितली, तर घाबरू नका व तो संशय समजू नका. ती दोघांचीही व्हावी.

चामखिळी थोड्या आणि लहान असल्या तर बहुधा दवाखान्यातच काम होईल. कसे होते ते सांगते, म्हणजे टेबलावर झोपताना धास्ती वाटणार नाही. एक पद्धत ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडची आहे. डॉक्टर आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचा हात फिरवतात आणि काडीच्या टोकाला गुंडाळलेल्या कापसाने अगदी थेंबभर ॲसिड चामखिळीवर टेकवतात. पाहता पाहता ती चुन्यासारखी पांढरी होते. काही मिनिटे मिरची लागल्यासारखी आग होते आणि मग ओसरते. ते वाळेपर्यंत उठायचे नाही, एवढेच सांभाळायचे. दुसरी पद्धत उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवण्याची आहे, ज्यात तिच्यावर काही सेकंद बर्फाचा पांढरा थर धरतो आणि नंतर एखाद-दोन दिवस ठणका राहतो. मोठ्या चामखिळी जागा बधिर करून विजेच्या सुईने जाळतात, त्याला दवाखान्यात कॉटरी म्हणतात. यातली पहिली दोन कामे एका बैठकीत संपत नाहीत. दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी जावे लागते. घरी लावायचे इमिक्विमॉड मलम दिले, तर ते आठवड्यातून तीन रात्री, झोपताना लावून सकाळी धुऊन टाकायचे असते आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे लागू शकते. त्या मलमाने कंडोमचे रबर कमकुवत होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

चामखिळी गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा आल्या, तर त्या औषधाचे अपयश आहे किंवा यजमानांनी पुन्हा कुठून आणल्या, असा अर्थ काढू नका. उपचार दिसणाऱ्या चामखिळीवर होतो. शेजारच्या त्वचेत दडलेल्या विषाणूवर शरीराची प्रतिकारशक्तीच काम करते आणि तिला वेळ लागतो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण दुसऱ्या खेपेला आलेल्या चामखिळीवरून पहिल्यापेक्षा मोठे भांडण झालेले मी पाहिले आहे. विडी-सिगारेट घरात कोणी ओढत असेल तर ती सोडावी, कारण धूम्रपानाने विषाणू अधिक काळ टिकतो.

यजमानांनी एकदा स्वतःला दाखवून घ्यावे. त्यांच्या अंगावर चामखीळ असेल तर तिचा उपचार करायचा, नसेल तर त्यांना कोणत्याही औषधाची गरज नाही. पुरुषांसाठी एचपीव्हीची मान्यताप्राप्त तपासणी नाही. एखाद्या लॅबने महागडे ‘पॅनेल’ सुचवले तर ते पैसे वाचवा. त्यांच्या लिंगाच्या बोंडाच्या कडेने बारीक मोत्यांसारखी एकसारखी ओळ दिसली तर ती चामखीळ नसते, ते कित्येक पुरुषांत नैसर्गिकच असते. तुमच्या चामखिळी पूर्ण जाऊन कातडी भरून येईपर्यंत संबंध टाळावेत, आणि त्यानंतर काही महिने कंडोम वापरावा. तो पूर्ण संरक्षण देत नाही, कारण तो जेवढे झाकतो त्याच्या बाहेरच्या कातडीवरही हा विषाणू असतो, पण धोका नक्की कमी करतो. सहा वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यात हा विषाणू बहुधा दोघांकडे आधीच पोहोचलेला असतो, त्यामुळे आयुष्यभर एकमेकांपासून दूर राहण्याचे काही कारण नाही.

लेकीला जवळ घेऊन झोपा. मायेच्या स्पर्शातून, एका अंथरुणातून किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असणे ही एरवीही चांगली सवय आहे, म्हणून तिला तिचा छोटा टॉवेल द्या, परंतु आजवर तुमचा वापरला म्हणून तिला कुठे दाखवायला नेण्याची गरज नाही. तिच्यासाठी खरे करण्यासारखे काम पाच वर्षांनी येईल. नवव्या वर्षापासून एचपीव्हीची लस देता येते, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हावॅक’ ही लस ६, ११, १६ आणि १८ अशा चारही प्रकारांविरुद्ध आहे. म्हणजे तुम्हाला ज्या चामखिळींनी जेरीस आणले आहे त्यांच्यापासूनही आणि कॅन्सरच्या मुख्य प्रकारांपासूनही ती मुलीला वाचवेल. ती मुलांनाही देतात. चौदा वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि पंधरा वर्षांपुढे तीन डोस, असे तिचे वेळापत्रक आहे. ज्या ऑस्ट्रेलियाने २००७ पासून शाळकरी मुलींना ही लस दिली, तिथल्या तरुण मुलींमध्ये जननेंद्रियावरच्या चामखिळी काही वर्षांतच जवळजवळ दिसेनाशा झाल्या. तुमच्या स्वतःच्या वयात लसीचा फायदा कमी असतो आणि अंगात असलेला विषाणू ती काढत नाही, तेव्हा ती घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दुसऱ्या मुलाचा विचार सोडू नका. चामखिळीने वंध्यत्व येत नाही. आधी उपचार पूर्ण करून मग प्रयत्न करणे सोयीचे, कारण गरोदरपणात चामखिळी कधीकधी भराभर वाढतात आणि पोडोफायलिनसारखी काही औषधे त्या काळात अजिबात चालत नाहीत. दिवस गेल्यावर चामखिळी दिसल्याच, तर गोठवण्याचा किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा उपचार तेव्हाही करता येतो. नुसत्या चामखिळीसाठी सिझेरियन करत नाहीत. त्यांनी बाळाची वाटच अडवली असेल किंवा मोठ्या रक्तस्रावाची भीती असेल, तरच ते करतात. बाळाच्या स्वरयंत्रावर चामखिळी येण्याचा प्रकार घडतो, पण तो फार विरळा आहे.

चिठ्ठी हातात असून तुम्ही अजून गेलेल्या नाहीत, म्हणून शेवटी एवढेच सांगते, की पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, म्हणजे चामखिळीचा उपचार आणि गर्भाशयमुखाची तपासणी एकाच भेटीत उरकता येईल. पाळी चुकली असेल तर टेबलावर झोपण्यापूर्वीच तसे सांगा. कुरूपाच्या औषधाची ती बाटलीदेखील पिशवीत टाका आणि डॉक्टरांना दाखवा. काय लावले होते, ते कळल्याशिवाय भाजलेल्या कातडीवर पुढचे औषध कोणते चालेल, हे त्यांना ठरवता येणार नाही.